अकरा वर्षं बंद होत असलेलं दुकान

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज दुकानात सरकार आलं. सरकार म्हणजे एक बाई, चष्मा, कापडी पिशवी आणि हातात फूटभर मोजपट्टी. मला वाटलं, गिऱ्हाईक. मोजपट्टी घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाकडे पलंग असतो आणि गादी नसते, त्यामुळे विक्री ठरलेली. मी नेहमीसारखा पुढे झालो, "या ताई, बसून बघा, बसायचे पैसे पडत नाहीत." बाई बसल्या नाहीत. त्यांनी ओळखपत्र काढलं. ग्राहक संरक्षण कार्यालय, तपासणी अधिकारी.

"बाहेरची पाटी तुमची का?"

नाही म्हणायची सोय नव्हती. लाल रंगात तीन ओळी आहेत, तिन्ही माझ्या हातच्या. दुकान बंद होत आहे. शेवटचे काही दिवस. गाद्या-उशा मिळेल त्या किमतीत.

"मग कधी बंद होणार दुकान?"

"हे काय, होतच आलंय."

"आणि पाटी कधी लावली?"

इथे मी काहीतरी सावरून घेतलं असतं, पण आप्पा मध्ये बोलले. आप्पा म्हणजे माझे सासरे, दुकान मूळचं त्यांचं. हल्ली ते सगळ्यात मोठ्या गादीवर दिवसभर झोपलेले असतात आणि त्याला प्रात्यक्षिक म्हणतात. डोळे न उघडता म्हणाले, "अकरा वर्षं झाली. जावईबापूंची कल्पना."

बाईंनी ते लिहून घेतलं. मग शांतपणे सांगितलं, की तक्रार आली आहे. दुकान बंद होतंय असं लिहिलं तर तारीख घालायची आणि त्या तारखेला बंद करायचं, नाहीतर ती गिऱ्हाइकाची फसवणूक. दुसरं, गादीवर चोवीस हजार लिहून, त्यावर काट मारून आठ हजार लिहायचं असेल, तर ती गादी आधी खरोखर चोवीसला विकलेली पाहिजे. ६ मार्चपर्यंत मुदत. मग दंड. तरी नाही ऐकलं तर दुकानाला कुलूप.

"म्हणजे दुकान बंद होतंय म्हटलं म्हणून तुम्ही दुकान बंद करणार?"

"हो," बाई म्हणाल्या. "मग पाटी खरी होईल."

जाताना म्हणाल्या, काय काय बदल केले ते तारीखवार लिहून ठेवा. म्हणून ही डायरी. फोमवाल्यांनी नववर्षाला दिली होती, प्रत्येक पानावर एक झोपलेलं बाळ आहे.

एक सांगायला हवं, बाई कडक असल्या तरी माणुसकीच्या आहेत. गल्ल्यावर माझी बायको बसते. निघताना तिला म्हणाल्या, "पाठ कशी आहे आता?" सरकारी माणूस पहिल्याच भेटीत पाठीची चौकशी करतो, हे मी आजवर पाहिलं नव्हतं.

तक्रार कोणी केली, ते सांगायला ज्योतिषी नको. समोरचा पडदेवाला. त्याच्या पाटीवर नऊ वर्षं लिहिलंय, 'नवे दुकान, उद्घाटनानिमित्त खास सवलत'. माणसाला दुसऱ्याचं बंद होणं बघवत नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

रात्री झोप लागली नाही, आणि मी गादीवाला आहे.

लोकांना वाटतं पाटी म्हणजे पाटी. पण या दुकानात माझी म्हणावी अशी ती एकच वस्तू आहे. दुकान आप्पांचं, हिशोब हिचा, गाद्या फोमवाल्यांच्या. मी लग्न करून आलो तेव्हा माझी नोकरी नुकतीच सुटली होती आणि घरजावयाकडे लोक ज्या नजरेने बघतात तसे सगळे बघत होते. दुकानात माशा मारत बसलो होतो. त्यातून ती कल्पना सुचली. पाटी लावली त्या आठवड्यात दाराबाहेर रांग लागली. आप्पांनी पहिल्यांदा मला 'जावईबापू' म्हटलं, त्याआधी 'अहो ते' म्हणायचे. ती पाटी काढायची म्हणजे माझं नाकच कापायचं.

सकाळी भिंगरी शाळेला निघाली. भिंगरी म्हणजे आमची मुलगी, तिसरीत आहे, एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. आमचा रोजचा एक खेळ आहे. पायरीवर उभी राहून ती विचारते, "बाबा, मी परत येईपर्यंत दुकान असेल ना?" आणि मी म्हणतो, "पाटीवर काय लिहिलंय, वाच." मग ती वाचते आणि जाते. वाचन फार सुधारलंय त्यामुळे. आज हिने आतून भांडं जरा जोरात आपटलं. तिला सकाळी आवाज सहन होत नाही, आणि स्वतःच करते.

नमुन्याच्या उशा पुन्हा कमी दिसतायत. तळहाताएवढ्या उशा असतात, गिऱ्हाइकाने दाबून बघायला, एक कापसाची, एक फोमची, अशा. महिनाभर एकेक गायब होतेय. पडदेवाला परवा "सुट्टे आहेत का" म्हणून आला होता. सुट्टे म्हणे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

डोकं आहे माझं, म्हणावंच लागेल. कायदा म्हणतो पाटी खरी हवी. ठीक आहे. दुकान रोज रात्री नऊला बंद होतंच की. मी शिडीवर चढून 'दुकान' आणि 'बंद' यांच्या मध्ये बारीक अक्षरात घातलं, 'रोज रात्री नऊ वाजता'. 'शेवटचे काही दिवस' याच्यापुढे घातलं, 'महिन्याचे'. रस्त्यावरून दिसतसुद्धा नाही. आप्पा खालून म्हणाले, "जावईबापू, तुम्ही वकील व्हायचं होतं." हिला विचारलं, कसं वाटतंय. ही म्हणाली, "चढलाच आहात तर दिवा पण पुसा."

सोमवार, १० फेब्रुवारी

बाई आल्या. शिडी मागितली. स्वतः चढल्या आणि मोजपट्टी लावून अक्षरं मोजली. 'बंद' वीतभर उंच. 'रोज रात्री नऊ वाजता' नखाएवढं.

"अट घालायची तर जाहिरातीइतक्याच ठळक अक्षरात," वरूनच म्हणाल्या. "वाचणाऱ्याला जे मोठं दिसतं, तेच तुम्ही बोललात असं आम्ही धरतो."

मी म्हटलं, "मोठं लिहिलं तर मग त्यात काय राहिलं?"

"तेच तर," त्या म्हणाल्या.

शिडी ही धरून उभी होती. मी सांगितलं नव्हतं, तरी. बाई खाली उतरल्यावर दोघी मागे जाऊन चहा प्यायल्या. ही माणसं जोडण्यात हुशार आहे. मी तिला म्हटलंसुद्धा, बाईंना जरा गोड बोलून घे, काम होईल. ही म्हणाली, "करतेय प्रयत्न."

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आजचा दिवस आठवला तरी कान गरम होतात.

पाटी नाही तर नाही, निदान काट मारलेली किंमत तरी वाचवू, असं ठरवलं. चोवीसला एक गादी खरोखर विकली की चोवीस खरे झाले. आता चोवीस हजार देऊन आपल्या दुकानातून गादी घेणारा माणूस कुठून आणायचा? घरातलाच. आप्पांना गल्ल्यातून चोवीस हजार दिले. ते मला देणार, मी पावती करणार, गादी त्यांच्याच अंगाखाली राहणार. त्यांना चारदा समजावलं. नुसतं हो म्हणायचं आणि पैसे द्यायचे. साक्षीदार म्हणून बाईंनाच बोलावलं. त्या आल्यासुद्धा, हिच्या शेजारी स्टूलवर बसल्या.

आप्पा उठून बसले. ते उठून बसलेले मी गेल्या वर्षी पाहिले होते. चेहऱ्यावर गिऱ्हाइकाचा भाव आणला.

"कितीला दिलीत ही?"

"चोवीस हजार," मी मोठ्याने म्हटलं, बाईंकडे बघत.

"चोवीस?" आप्पांनी गादी चिमटीत धरून हिसका दिला. "कापूस भरलाय की केशर? वेड लागलंय का तुम्हाला?"

मी डोळा मारला. त्यांना दिसला नाही, किंवा दिसून उपयोग झाला नाही. माणसाने पन्नास वर्षं घासाघीस केलेली आहे, ती एका दुपारी कशी जाणार.

"दहा देतो," आप्पा म्हणाले.

इथे मी नुसतं "आप्पा" म्हणून गप्प बसायला हवं होतं. पण तोंडातून निघालं, "काय चेष्टा करता, माझी खरेदी तरी निघू द्या. वीस."

मग कसं काय झालं कळत नाही. ते अकराला आले, मी अठराला. ते उठून दारापर्यंत गेले, मी दारापर्यंत धावलो. त्यांनी समोर सातला मिळते म्हटलं, समोर पडदे मिळतात. मी म्हटलं पहिलंच गिऱ्हाईक आहात, नाराज करत नाही. त्यांनी दोन उशा वर मागितल्या. शेवटी साडेआठ हजारांत ठरलं, एका उशीसह, आणि आम्ही दोघांनी हात मिळवला. मला तर घामही आला होता, इतका चांगला सौदा वर्षात झाला नव्हता.

मग बाईंकडे लक्ष गेलं. बाईंचं पेन कागदावर थांबलं होतं. ही पदर तोंडात घालून मागच्या खोलीत गेली.

"साडेआठ," बाई म्हणाल्या आणि लिहिलं.

उरलेले साडेपंधरा हजार आप्पांनी खिशात घातले. मागितले तर म्हणतात, वाचवलेले पैसे वाचवणाऱ्याचे.

शनिवार, १५ फेब्रुवारी

पाटी उतरवली. भिंतीवर तिच्याएवढा पांढरा चौकोन राहिला आहे. तिच्याकडे बघवत नाही म्हणून मागच्या खोलीत तोंड भिंतीकडे करून ठेवली.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. अकरा वर्षं पाटी होती, तेव्हा लोकांना माहीत होतं की दुकान चालू आहे. पाटी गेली, आणि अख्ख्या गल्लीला वाटतंय की दुकान बंद झालं.

सकाळी दूधवाला आला आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला. "शेवटी बंद केलंतच." मी म्हटलं, अहो शटर उघडं आहे, मी आत उभा आहे. तो म्हणाला, "सवय सुटायला वेळ लागतो." शिंपीण आली, ती हिच्या गळ्यात पडली. एका गिऱ्हाइकाला मी दारातून हाक मारली तर तो म्हणाला, "नको हो, आता तुमच्याकडून घेताना बरं नाही वाटत." भिंगरीच्या वर्गशिक्षिकेने निरोप पाठवला, की फी सावकाश भरली तरी चालेल. ही म्हणाली, "हा निरोप दर वर्षी येतो." मला कधी सांगितलं नव्हतं. म्हणे तिच्या मावशीही दर वर्षी जुने कपडे पाठवतात, आणि कुठल्याही लग्नात गेली की कोणीतरी तिला नोकरी सुचवतं. मी म्हटलं, मग चांगलंच आहे की, लोक जीव लावतात.

सगळ्यात कहर म्हणजे पडदेवाला. डोळ्यांत पाणी आणून आला आणि म्हणाला, "गादीवाले, लाजू नका. खिडक्या मोजायला मला माणूस हवाच आहे. उद्यापासून या." आधी तक्रार करायची आणि मग नोकरी द्यायची. जखमेवर मीठ चोळायचं तर जरा थांबून तरी चोळावं. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

आज विक्री शून्य.

गुरुवार, २० फेब्रुवारी

गैरसमज दूर करायला नवी पाटी केली. ठळक, सगळी अक्षरं सारखी, एकही बारीक नाही. 'हे दुकान बंद होत नाही.'

तासाभरात फोमवाल्यांचा फोन. "काय झालं? बंद होत नाही असं लिहावं का लागलं?" मी म्हटलं, होत नाही म्हणून लिहिलं. ते म्हणाले, पुढचा माल रोखीने. मग घरमालक येऊन गेला, भिंतींवरून हात फिरवून गेला. दोघे रस्त्यावर उभे राहून पाटी वाचत होते. एक म्हणाला, "काहीतरी आहे." दुसरा म्हणाला, "असल्याशिवाय कोण लिहितं."

अकरा वर्षं खोटं लिहिलं तर रांगा लागल्या. एक दिवस खरं लिहिलं तर लोक रस्ता ओलांडून पलीकडून जातायत. मला खरंच रडू आलं. दुपारी पाटी काढली. आता मागच्या खोलीत दोन आहेत.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

शून्य. भिंगरी दुकानात लोडाला टेकून अभ्यास करत होती, मध्येच उठून बाहेर जाऊन पांढरा चौकोन बघून आली. दोनदा. मुलांना कशाचंही नवल वाटतं.

ही सकाळी विजेचं बिल भरायला गेली ती दुपारी आली. रांग होती म्हणे. आल्यावर तिने कात्री घेतली आणि नव्या कोऱ्या गादीची कड कापायला घेतली. मी ओरडलो. ती म्हणाली, "गादीला खिडकी करतेय." कापलेल्या जागी जाड पारदर्शक प्लास्टिक शिवलं. बाहेरून दिसतं, खाली काथ्या, मध्ये फोम, वर कापूस. बाजूला कापडाचं लेबल, त्यावर कशाचा थर किती जाड, शिलाई किती, वाहतूक किती, आणि खाली एकच किंमत, सगळं धरून. काट नाही. आणि किमतीच्या वरच्या ओळीत, 'आमचा नफा'. आकड्यासकट.

मी म्हटलं, "अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची. नफा लिहायला कायदाही सांगत नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "विचारून आले."

कुणाला विचारून आली? वीज कार्यालयाला यातलं काय कळतं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

पहिलं गिऱ्हाईक आलं. रस्ता चुकल्यामुळे आलं, तरी आलंच म्हणायचं. नवराबायको, पन्नाशीचे. नवऱ्याने खिडकीतून वाकून गादीच्या आत बघितलं, मग बायकोला दाखवलं. लेबल वाचलं. मग तो माझ्याकडे वळला.

"बोला, काय कमी कराल?"

माझ्या जिभेवर 'तुमच्यासाठी म्हणून' आलंच होतं, पण गल्ल्यावरून हिने बघितलं, आणि मी ते गिळलं. घशाखाली उतरायला वेळ लागला.

"किंमत एकच आहे," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"पण एकदम घेतली तर?"

"गादी एकदमच घेतात," ही म्हणाली.

तो अस्वस्थ झाला. घासाघीस नाही म्हटल्यावर त्याला हातांचं काय करावं कळेना. "मग हिच्यात खोट काय आहे?" त्याने विचारलं. दारापर्यंत गेला. कोणी हाक मारली नाही. परत आला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या बायकोने लेबलावरची नफ्याची ओळ वाचली आणि म्हणाली, "अहो, यांना एवढेच सुटतात? मग यांचं भागतं कसं?" तिला खरोखर वाईट वाटलं. दोन गाद्या घेतल्या.

संध्याकाळी आप्पा म्हणाले, "जावईबापू, आता मी नेमकं काय करायचं?" मी म्हटलं, झोपा. म्हणाले, "झोपतो, पण पूर्वीसारखं मन लागत नाही."

गुरुवार, २७ फेब्रुवारी

रोज दोन-तीन गिऱ्हाइकं येतायत. ते पन्नाशीचं जोडपं सगळीकडे सांगत सुटलंय की एक दुकान आहे, तिथे नफा लिहून ठेवतात, बघायला जा.

उशीचोर मात्र थांबलेला नाही. उलट वेग वाढला, पाटी काढल्यापासून सात गेल्या. आता सापळा लावलाय. भिंगरीच्या जुन्या खेळण्यातली घंटी काढून नमुन्याच्या एका उशीत शिवली आणि सगळ्यांच्या वर ठेवली. उद्या पडद्यांच्या दुकानात घंटी वाजली की मी रंगेहाथ पकडतो की नाही बघा. कोणाला सांगितलं नाही, हिलाही नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

दुपारी चार वाजता घंटी वाजली. पण समोर नाही. माझ्या डोक्यावर.

दुकानाच्या वरच आमचं घर. म्हणजे चोर घरात शिरला होता. मी हाताला लागलं ते शस्त्र घेतलं. हाताला लोड लागला. आप्पाही उठले, महिन्यात दुसऱ्यांदा, आणि त्यांनी दुसरा लोड घेतला. आम्ही दोघे लोड उगारून, एकमेकांना "तुम्ही आधी, तुम्ही आधी" करत जिना चढलो.

भिंगरी पलंगाखाली होती. पाय बाहेर, बाकी आत. ओढून काढली तर हातात घंटीची उशी. वाकून बघितलं तर पलंगाखाली नमुन्याच्या सगळ्या उशा, दोन रांगांत, आकाराप्रमाणे लावलेल्या. कापसाच्या वेगळ्या, फोमच्या वेगळ्या.

"हे काय?" मी विचारलं. लोड अजून उगारलेलाच होता.

तिला वाटलं मी मारणार. तिने सगळं एका दमात सांगितलं. "दुकान बंद झालं की मी पलीकडच्या गल्लीत दुकान काढणार होते. छोटं. मग तुला नोकरी देणार होते बाबा, उशा दाबून दाखवायची. आईला नव्हते देणार, तिची पाठ दुखते."

"अगं, पण दुकान कुठे बंद होतंय?"

"तूच तर रोज सांगतोस. पाटीवर वाच म्हणतोस. मी रोज वाचलं."

आप्पा खाली बसले, जमिनीवर, गादीसुद्धा न बघता.

मी दर सकाळी त्या पायरीवर हसत उभा राहायचो. मला तो खेळ वाटायचा. पोर शाळेत जाऊन दिवसभर काय घेऊन बसत असेल, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. आणि पाटी गेल्यावर मला वाटलं गल्ली चुकली, दूधवाला चुकला. माझ्याच घरातल्या माणसाला वाटलं की आता संपलं, म्हणून सात उशा बारा दिवसांत नेल्या, आणि मी घंटी शिवत बसलो. फार लाज वाटली. तिला मांडीवर घेतलं, आठ वर्षांची घोडी आहे तरी. मग विचारलं, "पगार किती देणार होतीस?"

तिने विचार केला. "चोवीस म्हणाले असते. मग आठ."

ही जिन्यात उभी होती. कधीची उभी होती माहीत नाही. माझ्याकडे बघत होती आणि, मी चुकत असेन, पण मला वाटलं बऱ्याच वर्षांनी बरी नजर होती.

रविवार, २ मार्च

लाल रंग फेकून दिला. निळा आणला. भिंगरीला म्हटलं, पाटीवर काय लिहायचं ते तू सांग. तिने दोनच शब्द सांगितले. मी म्हटलं, एवढंच? एवढ्याने गिऱ्हाईक येईल का? ती म्हणाली, गिऱ्हाइकासाठी नाहीये.

दिवसभर शिडीवर होतो. पडदेवाला खालून बघत होता. मी खाली उतरून त्याला चहा पाजला आणि त्याच्याबद्दल मनात काय काय आणलं ते सांगून टाकलं. तो म्हणाला, "मी कशाला तक्रार करू? तुमची पाटी बघायला आले की त्यांना माझीही दिसणारच की." हा विचार माझ्या डोक्यात का आला नाही कोण जाणे. मग कोणी केली असेल?

गुरुवार, ६ मार्च

मुदत संपली. बाई अकराला आल्या.

पाटीवर वीतभर निळ्या अक्षरात लिहिलंय, 'दुकान आहे.' खाली तेवढ्याच अक्षरात, 'किंमत गादीवर लिहिली आहे तीच.'

बाईंनी सवयीने मोजपट्टी लावली. दोन्ही ओळी सारख्या भरल्या. आत येऊन लेबलं वाचली, खिडकीतून गादीच्या आत बघितलं आणि आप्पांना विचारलं, "आजोबा, आता घासाघीस चालते का?" आप्पा डोळे न उघडता म्हणाले, "नाही हो. दिवस वाईट आलेत." बाईंनी सही केली. कुलूप टळलं.

आणि मग त्या बाहेर पडल्या, पायरीवर थांबल्या, आणि मोजपट्टी घेऊन रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. इथपर्यंत ऐकू आलं, "उद्घाटन नेमकं कधी झालं?" मी लगेच एक गादी, म्हणजे बसायची छोटी, घेऊन त्याच्याकडे गेलो. पहिल्या दिवशी माणसाला बसायला काहीतरी मऊ लागतं.

सकाळचं लिहायचं राहिलं. भिंगरी शाळेला निघाली, पायरीवर आली, बूट घातले, आणि गेली. मी उत्तर तयार करून उभा होतो, तीन दिवस तयार करतोय. तिने विचारलंच नाही. कोपऱ्यावरून वळतानासुद्धा मागे बघितलं नाही.

रात्री शटर ओढताना मी हिला म्हटलं, "तक्रार कोणी केली ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी त्याला महिनाभर काय काय बोललो. पण खरं सांगू, तो जो कोण असेल तो समोर आला ना, तर मी त्याला दुकानातली सगळ्यात भारी उशी देईन. फुकट."

ही कुलूप शोधत होती. थांबली. माझ्याकडे बघून हात पुढे केला.

"द्या."

"काय?"

"उशी."

दोन आठवडे खाली मान घालून लेबलं शिवतेय, मान धरली असणार बिचारीची. स्वतःहून कधी काही मागत नाही. मी सगळ्यात भारी उशी काढून दिली. आप्पा त्यांच्या गादीवर डोळे मिटून हसत होते. हल्ली त्यांना स्वप्नं चांगली पडतात.